प्लवकाचा आकडा नको, कस बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत समुद्र तापतोय, वनस्पती प्लवक (पाण्यात तरंगणारे, उन्हावर वाढणारे बारीक जीव) कमी होणार आणि मग मासळी कमी होणार असा लेख होता. चांगला होता, पण अर्धाच वाटला. मी खानापूर भागातला, खताच्या दुकानात बसणारा माणूस, समुद्राशी संबंध म्हणजे चोर्ला घाटातनं बेळगावात येणारा बांगडा नि तारली, तेवढाच. पण प्लवकाचा विषय निघाला की मला पोतं आठवतंय बघा.

खताच्या पोत्यावर १०:२६:२६ (नत्र, स्फुरद, पालाश) छापलेलं असतंय ना, तसाच एक आकडा समुद्रातल्या ह्या बारीक जिवांचाही आहे. समुद्राचे अभ्यासक आल्फ्रेड रेडफिल्ड ह्यांनी १९३४ साली ह्याचा माग काढला, नि पुढं तो कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १ असा रूढ झाला (पोत्यावर वजनाचा हिशोब असतोय, हा अणूंचा, एवढा फरक). आता गंमत अशी की हा आकडा सगळीकडं सारखा नाहीच. ध्रुवाकडच्या थंड पाण्यात एका फॉस्फरसमागं कार्बन साधारण ७८, आणि उष्ण, खत नसलेल्या भर समुद्रात तोच १९५ च्या आसपास जातोय.

असं का, तर वरचं पाणी तापलं की हलकं होऊन दुधावरच्या सायीसारखं वरच बसतंय, खालचं खतवालं पाणी वर येत नाही. ऊन भरपूर, त्यामुळं कार्बन ओढणं चालूच, फॉस्फरस मात्र मिळेना. मग हे जीव काटकसर करतात, काही जातींत तर पेशीच्या पातळ पडद्यातली फॉस्फरसची चरबी काढून तिथं गंधकाची घालतात! आमच्याकडं डीएपी मिळेना झालं की शेतकरी दुसरं पोतं उचलतोय, तसंच हे, फक्त ह्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही.

पण ते खाणाऱ्याचं काय? म्हशीला हिरवा चारा असो का वाळका कडबा, पोट दोन्हीनं भरतंय, दुधाला मात्र फरक पडतो. फॉस्फरस कमी असलेलं प्लवक खाऊन त्यावर जगणारे बारीक प्राणी सावकाश वाढतात, आणि त्यांच्यावरच पुढची मासळी. म्हणजे प्लवक तेवढंच राहिलं तरी कस गेलेला असू शकतोय. उलट तेवढ्याच फॉस्फरसवर जास्त कार्बन बांधला जातोय, आणि ते मरून खाली बसलं की त्यातला काही कार्बनही खोल जातो, म्हणजे सगळंच वाईट आहे असंही नाही. हे लेखात यायला पाहिजे होतं.

अरबी समुद्रात पावसाळ्याच्या वाऱ्यानं खालचं पाणी वर येतंय, म्हणून आपल्याकडचं गणित भर समुद्रापेक्षा वेगळं. त्यावर एकदा सविस्तर छापा, आणि 'प्लवक घटले' ह्या मथळ्याखाली शेवाळाचा फोटो तेवढा टाकू नका, प्लवक असं मुठीत धरता येत नाही.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव