शनिवारचा मिशिगन-ओहायो स्टेट सामना: येणाऱ्यांसाठी सूचना

सभासदहो, नमस्कार.

येत्या शनिवारी दुपारी 12 वाजता ॲन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमवर आपल्या मिशिगन विद्यापीठाचा ओहायो स्टेट विद्यापीठाशी अमेरिकन फुटबॉलचा सामना आहे. सर्वांनी सकाळी 10 ला मेन स्ट्रीट आणि स्टेडियम बुलेव्हार्डच्या कोपऱ्यावर जमायचं आहे. साडेदहानंतर कुणासाठीही थांबणार नाही.

- कपडे पिवळे किंवा निळे. लाल नको, तो समोरच्यांचा रंग.
- पिशव्या, पर्स घरीच ठेवा. तिकीट आधीच मोबाईलवर उतरवून घ्या.
- बाक उघड्यावर आहेत. आई-बाबांना दुहेरी मोजे आणि बसायला जाड घडी द्या.

पहिल्यांदा येणाऱ्यांनी एवढं जरूर वाचा. मिशिगनचा संघ 1879 पासून खेळतोय. 1901 च्या हंगामात त्यांनी 550 गुण केले आणि एकही गुण दिला नाही. त्या हंगामाचा शेवट झाला 1 जानेवारी 1902 च्या पहिल्यावहिल्या रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याने, स्टॅनफर्डविरुद्ध 49-0. मला तरी याहून मोठा पराक्रम वाटत नाही! 2023 मध्ये हजार विजय गाठणारा हा पहिला विद्यापीठ संघ ठरला, आणि त्याच हंगामात 15 पैकी 15 सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला.

हेल्मेटवरचे पिवळे पंख 1938 पासूनचे आहेत, ते जवळून बघा. स्टेडियम बाहेरून बुटकं दिसतं, पण मैदान जमिनीच्या पातळीखाली आहे. दारातून आत पाऊल टाकलं की 1,07,601 जणांची वाटी एकदम पायांखाली उघडते.

तिकीट हवं असल्यास बुधवारी रात्रीपर्यंत इथेच कळवा.