बॉन स्कॉटची वही आणि तिसरे नाव

मा. संपादक,
स. न.

एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडच्या ‘बॅक इन ब्लॅक’ या अल्बमवरचा आपल्या पुरवणीतला मजकूर वाचला. बोलांचा बाज बँडचा दिवंगत गायक बॉन स्कॉट याचा आहे, सबब ते त्यानेच लिहिलेले असणार आणि मग नव्या गायकाच्या नावावर खपवले असणार, असा त्याचा एकूण सूर आहे, आणि त्यात ‘चोरले’ हा शब्दही आहे. गाण्यांच्या हक्कांची कागदपत्रे रोज हाताळणाऱ्या आम्हा दोघांना त्यातला तो ‘सबब’ खटकला, म्हणून हे पत्र.

आधी तारखा. स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये वारला, वय ३३. त्याच्या जागी नवा गायक ब्रायन जॉन्सन आला तो न्यूकॅसलच्या ‘जॉर्डी’ या बँडमधून. एप्रिल-मे महिन्यांत बहामातल्या नासाऊ इथे, कंपास पॉइंट स्टुडिओत, निर्माता मट लँगच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रण झाले आणि २५ जुलैला अल्बम बाजारात आला. मृत्यूपासून विक्रीपर्यंत जेमतेम पाच महिने. दहाही गाण्यांवर बँडचे गिटारवादक भाऊ अँगस यंग व माल्कम यंग आणि ब्रायन जॉन्सन अशी तीनच नावे आहेत. एवढ्या कमी वेळात नवख्या माणसाने दहा गाण्यांचे बोल लिहिले कसे, हा प्रश्न पडणे साहजिक आहे. मात्र प्रश्न पडला म्हणून उत्तर हाती आले असे होत नाही. ठरलेल्या चालीवर, भाड्याच्या स्टुडिओचे घड्याळ डोक्यावर टिकटिकत असताना, दिवसाला एक गीत लिहिणारे व्यावसायिक गीतकार सगळीकडे आहेत.

आता त्या तिसऱ्या नावाबद्दल. बँडच्या १९७९च्या ‘हायवे टू हेल’ या अल्बमवरही तीनच नावे होती: यंग, यंग आणि स्कॉट. म्हणजे प्रत्येक गाण्यात कुणी किती लिहिले ते मोजून ही ओळ छापली जात नव्हती. दोघे भाऊ आणि गायक, असा तो साचा होता. गायक बदलला तसे तिसरे नाव बदलले. रॉकमध्ये श्रेयाची ओळ बहुतेक वेळा तह असते. बीटल्सचे ‘यस्टरडे’ मॅकार्टनीने एकट्याने रचले, तरी त्यावर लेनन-मॅकार्टनी असेच छापलेले आहे. त्यामुळे ‘अल्बमवर जॉन्सनचे नाव आहे म्हणजे त्यानेच लिहिले’ हा बँडच्या चाहत्यांचा दावाही तितकाच पोकळ. श्रेयाची ओळ म्हणजे संबंधितांनी स्वतःच केलेले निवेदन. ते खोडून काढायला पुरावा लागतो आणि उचलून धरायलाही.

कोणती कामगिरी लेखनात धरतात आणि कोणती नाही, याबद्दल फार गोंधळ दिसतो. अँगस यंगने सांगितलेले आहे की ‘हेल्स बेल्स’ आणि ‘हॅव अ ड्रिंक ऑन मी’ यांच्या सुरुवातीच्या तालमींत स्कॉट ड्रमवर बसला होता. स्कॉट मुळात ड्रमरच, त्यामुळे यात नवल नाही. पण साधा ठेका धरल्याने गाण्याच्या रचनेत वाटा मिळत नाही. ‘हेल्स बेल्स’चे बोल नासाऊतल्या वादळात सुचले आणि त्या गडगडाटावरच लिही असे लँगने सुचवले, हे जॉन्सन अनेकदा सांगतो. विषय सुचवणे हेही लेखन नव्हे. कल्पना, शीर्षक, ‘असे काहीतरी कर’ हा सल्ला, दारू-पोरी-रस्ता हा ठरलेला मालमसाला, गायकाची फेक यांपैकी कशावरही हक्क लागत नाही. हक्क लागतो तो शब्दांवर, लिहून किंवा ध्वनिमुद्रित होऊन पक्क्या झालेल्या ओळींवर. वाह्यात द्व्यर्थी विनोद ही स्कॉटची खासियत खरीच. पण त्याच्या जागी आलेला गायक त्याचा बाज उचलणार नाही तर काय करणार? तशी अपेक्षाच त्याच्याकडून असते.

मृत गायकाच्या बाबतीत एक बारकावा हमखास सुटतो. इंग्लंडच्या कायद्यात सहलेखक ठरायचे तर दोघांनी मिळून काम केलेले असावे लागते. जॉन्सन आला तेव्हा स्कॉट हयात नव्हता, तेव्हा बोलांपुरते ते दोघे सहलेखक ठरणे अवघड. स्कॉटच्या वहीतली ओळ खरोखर वापरली असेल, तर ते वारसांच्या मालकीच्या आधीच्या लिखाणातून केलेले घेणे ठरते. तिथे परवानगीचा प्रश्न येतो. यंग बंधूंबरोबर तालमीत बसून स्कॉटने काही ओळी रचल्या असतील, तर मात्र गोष्ट निराळी. म्हणून ‘अर्धे बोल बॉनचे’ असे मोघम म्हणण्यात अर्थ नाही. कोणती ओळ, कोणत्या टप्प्यावर आणि खोलीत कोण होते, हे सांगावे लागते.

आणखी एक कडू बाब. लेखक म्हणून नाव लावून घेण्याचा वेगळा हक्क ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट १९८९ला आला, आणि त्याआधी वारलेल्या लेखकांना तो लागू नाही. म्हणजे उद्या एखादी ओळ स्कॉटची निघाली, तरी वारसांना तिकडच्या न्यायालयात नावासाठी भांडता येणार नाही. भांडता येईल ते मालकीसाठी. आपण सगळे ‘श्रेय’ ‘श्रेय’ म्हणतो, पण कायद्याच्या हाती आहे ती मिळकत.

पुराव्याकडे वळू. जो तो वहीचे नाव घेतो. स्कॉट वह्यांत बोल लिहून ठेवायचा. त्या वह्यांतले काही घेतले नाही आणि त्याचे सामान घरच्यांकडे गेले, असे अँगसचे म्हणणे. २०१७ साली आलेल्या एका चरित्राने याच्या नेमके उलट मांडले. आता समजा अशी वही समोर आली, तर पाहायचे काय? आधी ती मूळ आहे की झेरॉक्स. झेरॉक्सवर शाईचा दाब दिसत नाही, मागच्या पानावर उमटलेले वळ दिसत नाहीत, पान नंतर घुसवले आहे का तेही कळत नाही. मग त्या ओळींच्या आजूबाजूला काय आहे ते. पानावर घातलेली तारीख कुणालाही मागाहून घालता येते. शेजारच्या पानावरचा दौऱ्यातल्या गावांचा क्रम, हॉटेलचा खोली क्रमांक, उसनवारीचा हिशोब हे मात्र कुणी बनवत बसत नाही, आणि दौऱ्याच्या वेळापत्रकाशी ते ताडून पाहता येते. सगळ्यांत बोलकी असते खाडाखोड. ज्याने रचले त्याच्या पानावर आधीचा फसलेला शब्द असतो, त्यावर काट, बाजूला दुसरा, बाणाने वर नेलेली ओळ. ज्याने ऐकून उतरवले त्याचे पान स्वच्छ असते. सुवाच्य अक्षरात, एकही काट नसलेले आख्खे गीत सापडले तर आम्हाला आधी शंका येते.

कॅसेटचेही तसेच. वेष्टनावरची तारीख म्हणजे पुरावा नव्हे. त्या काळी एकच कॅसेट चार वेळा पुसून वापरत. टेप शेवटपर्यंत ऐकावी, टोकाला जुन्या मुद्रणाचे शेपूट राहिलेले असते. तालमीच्या टेपवर गायक पुष्कळदा बोल म्हणतच नाही. चाल पकडायला तो तोंडातल्या तोंडात अर्थहीन आवाज काढतो: कुठे लांब ‘आ’, कुठे तुटक ‘टा-टा’. पुढे खरे बोल याच सांगाड्यावर बसतात, स्वर तेच राहतात, व्यंजने बदलतात. खरी गुंतागुंत इथे आहे. नव्या गायकाने जुन्या टेपवरचा तो सांगाडा ऐकून त्यावर स्वतःचे शब्द बसवले, तर शब्द त्याचे. पण गाण्याच्या ओळीची लय आणि सुरावट आधीच्याने ठरवलेली असेल, तर त्याचा दावा चालीवर पोचतो. शब्दांवरून हाणामारी करणाऱ्या दोन्ही बाजूंना ही शक्यता सुचलेली दिसत नाही.

टेप असली की काय होते याचा दाखला त्याच वर्षीचा आहे. १८ मे १९८० रोजी जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा गायक इयन कर्टिस गेला. उरलेल्यांनी न्यू ऑर्डर या नावाने ‘सेरेमनी’ हे त्यांचे गाणे पुन्हा ध्वनिमुद्रित केले. त्याचे बोल लिहिलेले हाती नव्हते, होती ती तालमीची टेप, आणि तिच्यात आवाज वाद्यांखाली गाडला गेलेला. बँडमधल्या बर्नार्ड समनरने ती ग्राफिक इक्वलायझरमधून (आवाजाच्या निरनिराळ्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या यंत्रातून) वाजवून शब्द शोधून काढले. २ मे १९८०च्या बर्मिंगहॅममधल्या कार्यक्रमात कर्टिसने ते गायलेलेही होते. तेव्हा बोल कुणाचे हा वादच उभा राहिला नाही. एसी/डीसीच्या बाबतीत स्कॉटच्या आवाजातली अशी एकही टेप लोकांसमोर नाही.

‘आता इतक्या वर्षांनी काय उपयोग’ हे वाक्यही कायद्यापुढे टिकत नाही. प्रोकल हारम या इंग्लिश बँडच्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ या गाण्यात १९६७ साली ऑर्गन वाजवणाऱ्या मॅथ्यू फिशरने दावा लावला तो २००५ साली, ३८ वर्षांनी. ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने) चालीतला त्याचा ४० टक्के हिस्सा कायम केला. मालकी सांगायला मुदत नाही, असा त्याचा अर्थ. मागच्या ३८ वर्षांचे पैसे मात्र बुडाले. हिशोब ३१ मे २००५पासून पुढचा. उलट स्पँडाऊ बॅले या बँडच्या तिघांनी त्यांचाच गीतकार गॅरी केम्प याच्याविरुद्ध लावलेला दावा १९९९ साली फेटाळला गेला. सॅक्सोफोनसकट त्यांनी जे वाजवले-गायले ते न्यायाधीशांनी सादरीकरणात धरले, रचनेत नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचावेत. फिशरची ऑर्गनची सुरावट वेगळी काढून गुणगुणता येते, यातच पुष्कळ काही आले.

पैशाचा हिशोब कोरडा आहे, थोडक्यात उरकतो. गाण्याच्या रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा. वाद पहिल्याचा आहे. समजा बोल ५० आणि चाल ५० असे धरले आणि अर्धे बोल मृत गायकाचे ठरले, तर त्याच्या वारसांकडे २५ टक्के येतात. ओळी मोजून वाटणी होत नाही, कोरसची एक ओळ कडव्याच्या आठ ओळींना भारी पडते. गाण्यांचे मानधन गोळा करून वाटणाऱ्या हक्क संस्थेकडे नोंद बदलायची तर आधीच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते. नाही मिळाली आणि दुसरा दावा दाखल झाला, तर बेरीज शंभराच्या वर जाते आणि वाद मिटेपर्यंत त्या गाण्याचे पैसे अडकून राहू शकतात. वारसांनी याचीही तयारी ठेवावी. या अल्बमला एकट्या अमेरिकेत अडीच कोटींहून अधिक प्रतींचे प्रमाणपत्र आहे, म्हणजे अडकणारी रक्कम किरकोळ नसणार.

गायक गमावलेल्या बँडने नवा माणूस तालमीला बोलावण्याआधी एक दिवस काढावा. मृताच्या वह्या, सुटे कागद, टेपा किंवा फोनमधली मुद्रणे यांची यादी करावी, प्रत्येक पानाचे फोटो काढावेत, यादीवर वारस आणि बँड दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि मूळ वस्तू वारसांच्या हवाली कराव्यात. अर्धवट गाण्यांची वेगळी यादी: चाल कुठवर झाली, बोल आहेत की नुसता सांगाडा. नव्या गायकाला यातले काय ऐकवले तेही लिहून ठेवावे. त्यानंतर प्रत्येक गाणे पुरे होईल त्याच दिवशी कुणाचा किती वाटा ते नोंदवणारे हिस्सेपत्रक भरावे, अल्बम गाजल्यावर नव्हे. गाणे गाजले की प्रत्येकाची स्मरणशक्ती आपापल्या बाजूने तल्लख होते. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाकीट पाठवून ठेवायचा जुना तोडगा फारसा उपयोगाचा नाही. उघडे पाकीटही पाठवून नंतर चिकटवता येते.

आमची विनंती एवढीच, की त्या मजकुरातला ‘चोरले’ हा शब्द आपण दुरुस्ती छापून मागे घ्यावा. आणि पुन्हा या अल्बमवर कुणी लिहिले आणि वहीचा हवाला दिला, तर ती वही कुणी, कधी पाहिली आणि मूळ पाहिली की झेरॉक्स, हे लेखकाला विचारून त्याच परिच्छेदात छापावे.

आपले,
गाण्यांच्या हक्कनोंदणीचे काम करणारे दोन वाचक