सिबिलच्या टिप्स छापता, शिक्षेचंही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात सिबिल स्कोअर (कर्ज कसं फेडलं ते बघून माणसाला मिळणारे गुण) कसा वाढवायचा याच्या टिप्स आल्या होत्या, वेळेवर हप्ता भरा, कार्डाची लिमिट सगळी वापरू नका वगैरे. चुकीचं काही नाही त्यात. पण मी एका पतसंस्थेत 26 वर्षं वसुलीला होतो, लोकांच्या दारात उभं राहून हप्ते मागितलेत, त्यामुळे वाचून जरा हसू आलं आणि जरा रागही आला. हप्ता वेळेवर भरायचा असतो हे लोकांना कळत नाही असं नाहीये हो, पगारच झाला नाही तर भरणार कुठून?

आमच्या शेजारच्या पोराचं सांगतो. लॉकडाऊनच्या आधी झिरो कॉस्ट ईएमआयवर मोबाईल घेतला, मग वर्कशॉप बंद पडलं, तीन हप्ते थकले, प्रत्येक बाऊन्सला बँकेचा चार्ज वेगळा आणि फायनान्सवाल्याचा दंड वेगळा, शेवटी आईची बोरमाळ मोडून सगळं भरलं, एनओसी पण घेतली. आता त्याला सेकंडहँड छोटा हत्ती घ्यायचाय तर बँकेतले साहेब स्क्रीनकडे बघून म्हणतात स्कोअर बसत नाही. क्रेडिट ब्युरोला, म्हणजे हा स्कोअर काढणाऱ्या कंपनीला, थकलेल्या हप्त्यांची माहिती कमीत कमी 7 वर्षं ठेवावी लागते. चोरी करून सुटलेला माणूससुद्धा याच्या आधी मोकळा होतो. बँकेच्या भरतीतही क्रेडिट हिस्टरी बघतात, 2025 मध्ये एका सरकारी बँकेने निवड झालेल्या मुलाची नेमणूक याच कारणाने रद्द केली आणि मद्रास हायकोर्टाने ती रद्दच ठेवली. म्हणजे नोकरी नाही म्हणून हप्ता थकला आणि हप्ता थकला म्हणून नोकरी नाही.

आणि चेक बाऊन्सचं कलम 138 सगळ्यांना माहितीये, पण ऑटो डेबिट (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) बाऊन्स झालं तरी 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कलम 25 खाली 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते हे सही करताना कोण सांगतं? वसुलीवाले मात्र फोनवर बरोब्बर सांगतात. (मीही सांगायचो, कबूल करतो.)

मी बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या बाजूचा, म्हणून मला हे जास्त टोचतं. 12 मे 1875 ला आमच्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, माणसाला फारसा कोणी हात लावला नाही, राग सगळा कागदावर. कारण तोच कागद कोर्टात जायचा, एकतर्फी डिक्री (वसुलीचा हुकूम) निघायची आणि जमीन तरी जायची नाहीतर कुणबी दिवाणी तुरुंगात. शेवटी 1879 चा कायदा आला आणि पैशाच्या डिक्रीसाठी शेतकऱ्याला अटक करणं बंद झालं. इंग्रजाला जे चार वर्षांत समजलं ते आपल्याला परत समजावून सांगायची वेळ आलीये. आता तर जाळायला कागदही नाही, सगळं सर्व्हरवर.

अमेरिकेत यावर समाजशास्त्राचे लोक नीट काम करतात. अलेक्सिस हॅरिस नावाच्या बाईंनी वॉशिंग्टन राज्यातली कोर्टं बघितली, तिथे शिक्षेसोबत दंड आणि फी लावायचे आणि थकलं की त्यावर वर्षाला 12 टक्के व्याज! तुरुंगातून सुटलेला माणूस कर्जदार होऊनच बाहेर यायचा, आणि न भरल्यास परत आत. 2018 मध्ये तिथे कायदा बदलून यातलं बरंचसं व्याज बंद केलं.

आपल्याकडे उलटं बघा. जामीन मंजूर होतो पण जामीनदार नाही म्हणून माणूस आतच. 1978 च्या मोतीराम केसमध्ये एका गवंड्याकडे 10 हजारांचा जामीन मागितला होता, भाऊ जामीन राहायला तयार तर म्हणे त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे. सुप्रीम कोर्टाने तेव्हा फटकारलं. तरी 2023 मध्ये सरकारला गरीब कैद्यांच्या जामिनासाठी 40 हजारांपर्यंत मदतीची योजना काढावी लागली. म्हणजे पत नसेल तर कर्ज पण नाही आणि सुटका पण नाही.

मोठ्यांचं काय? जून 2023 च्या सर्क्युलरने रिझर्व्ह बँकेने जाणूनबुजून बुडवणाऱ्याशीही तडजोड करायची मुभा बँकांना दिली. ब्युरोत नोंद त्यांचीही राहते हे मान्य, पण त्यांच्याकडे सीए असतो, वकील असतो, साहेबाच्या केबिनमध्ये खुर्ची असते.

आपल्या विद्यापीठांत समाजशास्त्राच्या पोरांना नुसती प्रश्नावली भरायला लावण्यापेक्षा एक महिना एखाद्या वसुली एजंटच्या मोटारसायकलवर मागे बसवा. कोणाच्या दारात आवाज चढतो आणि कोणाच्या दारात चप्पल काढून आत जातो एवढं जरी लिहून आणलं तरी पुरे. आणि तुम्ही ते छापा.

त्या पोराने शेवटी गाडी घेतली. गावातल्या माणसाकडून, शेकडा पाच रुपये महिना. स्कोअर विचारला नाही त्याने.

आपला,
एक निवृत्त वसुली क्लार्क
ता. बारामती