रॉचेस्टरहून बाबांना

रॉचेस्टर, न्यूयॉर्क

ती. बाबांना सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सौरऊर्जा शिकायला गेलीस आणि आता मोबाइलच्या पडद्यावर काम करतेस म्हणे?" तेवढ्यात बस आली आणि बोलणं अर्धंच राहिलं. म्हणून लिहिते.

तुमच्या स्टुडिओत कोडॅकचे पिवळे खोके असायचे ना, त्या कोडॅकचं हे गाव. माझ्या कामाची सुरुवात ज्यांच्यापासून झाली ते शास्त्रज्ञ चिंग तांग १९७५ साली इथे त्या कंपनीत लागले. मूळचे हाँगकाँगचे, पीएचडी कॉर्नेलची. फिल्मच्या कंपनीत बसून त्यांनी हात घातला तो सौर घटात, आणि तोही सिलिकॉनच्या नाही, सेंद्रिय, म्हणजे कार्बनच्या संयुगांच्या, रंगद्रव्यांच्या! एक थर कॉपर थॅलोसायनिनचा, म्हणजे ऑइलपेंटात आणि छपाईच्या शाईत असतो तो निळा रंग. दुसरा पेरिलीनच्या जातीतल्या रंगद्रव्याचा. सगळी गंमत हे दोन थर जिथे टेकतात तिथे. उजेड पडला की इलेक्ट्रॉन एका थरात जातो, त्याची रिकामी जागा दुसऱ्यात राहते, आणि वीज मिळते. पेटंट १९७९चं, शोधनिबंध छापून आला १९८६ला. कार्यक्षमता जेमतेम १ टक्का. तुम्ही हसाल, पण आजचे सेंद्रिय सौर घटही दोन पदार्थांच्या याच कल्पनेवर उभे आहेत आणि प्रयोगशाळेत १९-२० टक्क्यांपर्यंत पोचलेत.

लगेच १९८७ला तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी हेच गणित उलटं मांडलं. पदार्थ वेगळे घेतले, थर दोनच. बाहेरून वीज दिली. एका बाजूने इलेक्ट्रॉन आले, दुसऱ्या बाजूने रिकाम्या जागा, सीमेपाशी त्यांची गाठ पडली आणि हिरवा उजेड निघाला. त्याआधी अँथ्रासीन नावाच्या सेंद्रिय पदार्थाच्या स्फटिकातून उजेड काढायला शेकडो व्होल्ट लागत. इथे १० व्होल्टच्या आत भागलं, कारण दोन्ही थर मिळून जाडी मिलिमीटरच्या सात हजाराव्या भागाइतकी.

उजेड देणारा पदार्थ कोणता, तर ॲल्युमिनियम आणि ऑक्झिन नावाच्या सेंद्रिय संयुगाचा. बीएस्सीला ॲल्युमिनियमचं वजन काढायला आम्ही जो पिवळा साका गाळायचो, तोच! वाचलं तेव्हा मी चिडलेच. इतक्या वेळा गाळला, पण अतिनील दिव्याखाली धरून तो कसा चमकतो ते कुणी एकदाही दाखवलं नाही.

तुमच्या फोनच्या ओएलईडी, म्हणजे अशाच सेंद्रिय थरांच्या बारीक दिव्यांच्या, पडद्याचं मूळ हे. कोडॅकने २००३मध्ये असा पडदा लावलेला डिजिटल कॅमेराही काढला, पण पुढे तो सगळा धंदा एलजीला विकून टाकला. माझ्या मते फिल्मचा नफा त्यांना फार काळ गोड लागला. (तुम्हीही डिजिटल कॅमेरा घ्यायला किती टाळाटाळ केलीत!)

तांग २००६मध्ये इथल्या विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि २०११चं रसायनशास्त्राचं वुल्फ पारितोषिक तिघांत विभागून मिळालं, त्यात ते होते. पडद्याचं नाव झालं, सौर घट मागे पडला असं लोक मानतात. मला तसं वाटत नाही. आमच्याकडे एकाच निर्वात पेटीत पदार्थ तापवून त्याच्या वाफेचे थर काचेवर बसवतो. सकाळी घट, दुपारी दिवा. चांगला दिवा बनणारा पदार्थ घटातही कमी ऊर्जा वाया घालवतो, हेच सध्या तपासतेय. म्हणजे विषय बदललेला नाही, काळजी नसावी.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. तिला फोनवर विचारलं तर "बरी आहे" एवढंच म्हणते.

तुमची,
मृणाल