मेकअप शिकवणाऱ्या ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

वयाने तुम्ही माझ्या मुलीच्या बरोबरीच्या आहात, तरी ज्यांच्याकडून काही शिकलो त्यांना वडीलकीचा मान द्यावा या न्यायाने मी तुम्हाला ताईच म्हणत आलो आहे. हे पत्र खासगी ठेवता आले असते. परंतु स्त्रीवेश करण्याची ओढ आयुष्यभर मनात दाबून ठेवलेला आणि निवृत्तीनंतर ‘आता या वयात हे शोभते का’ या विवंचनेत अडकलेला माणूस मी एकटाच नाही, हे एव्हाना मला कळून चुकले आहे. तेव्हा तुमचे आभार चारचौघांत मानलेले बरे. तुमचे नाव लिहीत नाही आणि माझेही लिहीत नाही. घरच्यांना तसा शब्द दिला आहे.

तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा जणू खटल्याच्या सुनावणीला निघाल्यासारखी तयारी करून आलो होतो. माग्नुस हिर्शफेल्ड या जर्मन डॉक्टरांनी १९१० साली या विषयावर ग्रंथ लिहिला आणि वेशांतराची ओढ व समलैंगिकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, असे त्यात मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मंजूर केलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीतून केवळ वेशांतरावर बेतलेली जुनी निदाने वगळण्यात आली. हे सारे मी खुर्चीत बसण्याआधीच तुम्हाला एका दमात सांगून टाकले. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत आणि विचारलेत ते इतकेच, की मला कोणत्या क्रीमची ॲलर्जी आहे का आणि दाढी करून किती वेळ झाला. त्या प्रश्नात ना चौकशी होती, ना कीव. समोरच्या चेहऱ्यावर काम करायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि इतक्या वर्षांत माझ्या या हौसेकडे कोणी एक साधे काम म्हणून पाहिल्याचा अनुभव मला नव्हता.

त्यानंतर तुम्ही जे शिकवलेत ते मी इथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या वयाच्या इतरांना त्याचा उपयोग होईल. तरुण क्रॉसड्रेसरसाठी, म्हणजे स्त्रीवेश करणाऱ्या तरुण पुरुषांसाठी, दिलेल्या सूचना आमच्या चेहऱ्याला लागू पडत नाहीत. काळ्या दाढीची निळसर झाक लपवण्यासाठी नारिंगी करेक्टरचा, म्हणजे त्वचेवरची झाक दडवणाऱ्या रंगीत क्रीमचा, थर द्यावा लागतो. माझी दाढी पांढरी झाल्यामुळे ती झाकच उरलेली नाही, आणि म्हातारपणाने दिलेली ही सवलत आहे हे तुम्ही हसत हसत दाखवून दिलेत. म्हातारपणाबद्दल कोणी काही चांगले बोलल्याचे ऐकून फार दिवस झाले होते. याउलट पावडर आणि जाड फाउंडेशन सुरकुत्यांत जाऊन बसतात, म्हणून पातळ क्रीम ओलसर स्पंजने दाबत दाबत लावायचे, पावडर नाकाच्या आसपास नावापुरती. पापण्यांची कातडी सैल झालेली असल्यामुळे तिथे चमकी नको. वरच्या ओठावरील बारीक रेषांत लिपस्टिक पसरते, तेव्हा आधी पेन्सिलीने कड आखायची आणि मग आत रंग भरायचा. चष्मा काढल्यावर आरशात काहीच दिसत नाही, ही अडचण तर माझ्यासारख्याला सगळ्यांत मोठी. तुम्ही मोठे करून दाखवणारा आरसा पुढे सरकवलात, दोन्ही कोपर टेबलावर टेकवायला लावलेत आणि हात कापणे आपोआप कमी झाले.

विगच्या बाबतीत तुम्ही माझे चालू दिले नाहीत, त्याबद्दल विशेष आभार. मला काळाभोर, लांब केसांचा विग हवा होता. तुम्ही तो माझ्या डोक्यावर चढवलात, एक शब्दही न बोलता आरसा दिलात आणि मग करड्या-पांढऱ्या, मानेपर्यंतच्या केसांचा दुसरा विग बसवलात. काळ्या केसांच्या चौकटीत माझी प्रत्येक सुरकुती कोरल्यासारखी दिसत होती. करड्या केसांत तोच चेहरा सौम्य झाला. आरशात साधारण माझ्याच वयाची, नीटनेटकी, जराशी मिस्कील बाई बसलेली होती. मला तिची ओळख करून घ्यावीशी वाटली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले त्या गोष्टीकडे येतो. आरशातली बाई तरुण नव्हती, तरीही त्या दिवसापासून मला स्वतःला विलक्षण तरुण वाटू लागले आहे, हे कसे, याचा मी बराच विचार केला. डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले होते, की चाळिशी उलटलेल्या माणसांना आपण आपल्या वयापेक्षा सरासरी वीस टक्क्यांनी लहान आहोत असे वाटते. मी मात्र त्या सरासरीत कधीच बसलो नव्हतो; शर्ट-पँटमधला मी स्वतःला माझ्या वयाहून थोराडच वाटत असे. त्याही आधी, १९७९ साली, एलेन लँगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी काही वृद्ध पुरुषांना जणू १९५९ साल चालू आहे अशा वातावरणात काही दिवस ठेवले आणि त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसल्याचे सांगितले. प्रयोगातली माणसे मोजकी होती, म्हणून त्याचे निष्कर्ष मी डोळे झाकून स्वीकारणार नाही. पण ती कल्पना मला आपल्या कामाची वाटते. ते सारे एकदा जगून झालेल्या तारुण्याकडे परतले होते. मला परतायला तसे ठिकाणच नव्हते. विसाव्या वर्षी जे करून पाहायचे, फसायचे, पुन्हा करायचे, ते मी केलेच नव्हते. त्यामुळे ते वय माझ्यापुरते न वापरता राहून गेले होते आणि तुमच्या खुर्चीत बसल्यावर ते मला पहिल्यांदा मिळाले.

निवृत्त माणसाला सगळेच येते असे जग गृहीत धरते. त्याच्याकडे सल्ला मागितला जातो, आशीर्वाद मागितले जातात, त्याने नवीन काही शिकावे अशी अपेक्षा कोणी ठेवत नाही. तुम्ही मला ओठांची कड पुसून पुन्हा आखायला लावलीत, ‘अजून जमत नाही’ असे तोंडावर सांगितलेत आणि पुढच्या वेळेपर्यंत सराव करून यायला बजावलेत. रात्री झोपताना उद्याच्या कशाची तरी उत्सुकता असणे ही भावना मी विसरून गेलो होतो, ती तुमच्या त्या बजावण्यातून परत आली.

शरीरातही फरक पडला, तो मात्र जादूने नव्हे. पाठीत बेतशीर बसणारा झगा घातला की पोक काढून बसताच येत नाही, आणि ताठ बसण्याची सवय मग शर्टातही टिकते. उंच टाचांना तुम्ही साफ नकार दिलात, कारण या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर ते फार महागात पडते. रुंद आणि बुटक्या टाचेच्या चपलांवर मात्र मला चालण्याचा चांगला सराव करायला लावलात. गुडघे दुखायचे ते दुखतातच. स्त्रीवेश हे काही औषध नव्हे आणि तसे कोणी सांगू लागला तर मी त्याला हटकतो.

पत्नीला सारे ठाऊक आहे. तिला हे आवडते असे म्हणता येणार नाही, परंतु कानातले निवडताना माझी निवड तिला पाहवली नाही आणि तिने स्वतः दुसरे काढून दिले, एवढे तुमच्या कानावर घालतो.

एक विनंती आहे. तुमच्याकडे येणाऱ्या तरुण मंडळींना वेळ द्यावाच लागतो हे मी जाणतो, तरी आठवड्यातला एखादा सकाळचा वेळ वयस्कर माणसांसाठी राखून ठेवता आला तर पाहावे. आम्हाला सगळ्याच गोष्टींना उशीर लागतो, आणि शेजारच्या खुर्चीत आपल्याच वयाचे कोणी असेल तर तोंडाला क्रीम लावताना धीर येतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ यायचे म्हणतात. वयाने ते माझ्याहूनही मोठे आहेत आणि फार बुजरे आहेत. त्यांना तुमचा पत्ता दिला आहे. माझ्या डाव्या पापणीवरची रेघ अजून वाकडीच येते, ती पुढच्या वेळी पुन्हा दाखवावी.

आपला कृतज्ञ,
एक वयस्कर विद्यार्थी