आशाताई, तुम्ही विचारलंत म्हणून

आदरणीय आशाताई,
सप्रेम नमस्कार.

काल तात्या मिरजेला तपासणी करून आले. मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन आता १.२. मार्चमध्ये हाच आकडा ७.८ होता. रिपोर्ट बघितला आणि आधी तुम्ही आठवलात. समोर बोलताना गळा दाटून येतो, म्हणून लिहितोय.

टीबीच्या गोळ्यांनी दोन महिन्यांत तात्यांचा खोकला थांबला, अंगावर मांस आलं. मग तासगावात द्राक्षं उतरली, तात्यांचा मुक्काम बेदाण्याच्या शेडवर पडला आणि गोळ्या तीन आठवडे बंद. घरात कुणाला पत्ता नाही. परत आल्यावर त्यांनी परस्पर गोळी सुरू केली. त्याच दुपारी हुडहुडी भरली, कंबर धरली, उलट्या सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात पित्त म्हणून इंजेक्शन दिलं. लघवी लाल होती, पण या गोळ्यांनी ती तशी होतेच, हे ऐकून माहीत होतं. आम्ही निर्धास्त राहिलो.

दुसऱ्या रात्री नऊला तुम्ही आलात. तुमच्या मुलीचा सकाळी दहावीचा पेपर होता, तरी आलात. "रंगाचं राहू द्या तात्या, सकाळपासनं झाली किती?" दिवसभरात पेलाभरही नव्हती. मग आम्हाला बाहेर बसवून तुम्ही हळूच विचारलंत, "मधी नागा पडला का?" रागावला नाहीत. आमच्यापासून दडवलेलं तात्यांनी तुम्हाला सांगून टाकलं. त्याच रात्री गाडी करून मिरज गाठलं. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि उपचाराचं कार्ड तुम्ही आठवणीनं पिशवीत घातलंत.

त्यावरून डॉक्टरांनी लगेच ओळखलं. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन हे औषध मध्येच बंद करून पुन्हा घेतलं, तर काहींच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात आणि त्याचा मार मूत्रपिंडावर बसतो. क्वचित घडतं, पण घडतं. चार वेळा डायलिसिस झालं. पंधराव्या दिवशी लघवी मोकळी झाली, तेव्हा आई वॉर्डातच रडली.

ते औषध तात्यांना आता कायमचं बंद. दुसरी औषधं चालू आहेत, मुदतही लांबली. गोळी घेतली की तात्या स्वतः कॅलेंडरवर खूण करतात आणि मला बोलावून दाखवतात.

यंदाच्या बेदाण्यातला पाच किलो त्यांनी तुमच्यासाठी बाजूला काढलाय. मी आणून देतो म्हटलं, तर नको म्हणाले. स्वतः येणार आहेत.

तुमचा,
तात्यांचा थोरला