तोफेवरची भोके आणि ‘उद्ध्वस्त’ हा शब्द

मा. संपादक,

स. न. वि. वि.

युक्रेनमधील युद्धाच्या बातमीसोबत आपल्या दैनिकात अलीकडे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि त्याखाली ‘उद्ध्वस्त झालेला रणगाडा’ अशी ओळ होती. लष्कराच्या ईएमई या वाहने व शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या दलात चोवीस वर्षे नोकरी करून मी दापोली तालुक्यातल्या माझ्या गावी परतलो आहे, म्हणून त्या ओळीविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. चित्रातले वाहन रणगाडा नव्हते. ती पट्ट्यांवर चालणारी चिलखती तोफ होती, आणि जेवढे दिसत होते तेवढ्यावरून ती उद्ध्वस्त झाली असे ठरवता येत नव्हते. कुशीवर पंधरा-वीस भोके होती, सामानाच्या पेट्या फाटल्या होत्या, चाकांच्या रबराचे लचके निघाले होते. पण जळल्याची काजळी कुठे नव्हती, बुरूज, म्हणजे नळी बसवलेला वरचा फिरता भाग, जागेवर होता आणि पट्टाही तुटलेला नव्हता.

रणगाडा शत्रूच्या समोर उभा राहून लढतो, त्यामुळे त्याचे पुढचे चिलखत फार जाड असते. अशी तोफ मागे राहून पंधरा-वीस किलोमीटर किंवा त्याहूनही लांब मारा करते, म्हणून तिचा पत्रा बेताचा असतो. आपल्या लष्कराकडील के-९ वज्र ही १५५ मिलिमीटरची तोफ याच जातीची आहे. तिचे चिलखत १४.५ मिलिमीटरच्या गोळ्या आणि जवळ फुटलेल्या तोफगोळ्याचे तुकडे अडवण्याच्या हिशेबाने केलेले आहे. तिने गोळे डागले की शत्रूचे रडार त्या गोळ्यांच्या मार्गावरून तिची जागा शोधते आणि काही मिनिटांत उलटा मारा सुरू होतो. त्यात गोळा थेट अंगावर पडणे विरळा. तो आजूबाजूला फुटतो आणि त्याचे तुकडे, ज्यांना आम्ही फौजेत स्प्लिंटर म्हणतो, तोफेवर येऊन आदळतात. त्यामुळे स्प्लिंटरचा मार ही अशा तोफेची नेहमीची दुखापत आहे.

१५५ मिलिमीटरचा नेहमीचा स्फोटक गोळा सुमारे ४३ किलोचा असतो आणि त्यात सातेक किलो स्फोटक असते. बाकीचे बहुतेक पोलाद फुटून त्याचे हजारो तुकडे होतात, कोणी गव्हाच्या दाण्याएवढा, कोणी तळहाताएवढा, आणि सुरुवातीला त्यांचा वेग सेकंदाला हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो. लहान तुकड्यांचा वेग हवेतच मरतो, मोठे तुकडे लांबवर जातात. बहुतेक तुकडे गोळ्याच्या दोन्ही कुशींकडे उडतात, त्यामुळे गोळा कोणत्या कोनात पडला यावर पुष्कळ काही ठरते. जमिनीचाही यात मोठा वाटा असतो. आपल्याकडच्या भाताच्या खाचरात, पावसाळी चिखलात गोळा रुतून फुटला तर बरेचसे तुकडे चिखलच गिळतो. तोच गोळा कातळाच्या सड्यावर फुटला तर तुकडे अडवायला काही नसते, उलट दगडाच्या कपच्या त्यांच्यासोबत उडतात.

आता पाहणीविषयी. प्रशिक्षणात आमच्यासमोर एक मोडीत काढलेली तोफ ठेवली होती, जिच्याजवळ आधी गोळे फोडलेले होते. प्रत्येक खुणेवर खडूने निशाणी करायची, आरपार गेलेली लाल आणि न गेलेली पांढरी, आणि शेवटी शेरा लिहायचा, असे काम होते. मी निम्मा दिवस खपून खुणा मोजल्या आणि ‘निकामी’ असा शेरा लिहिला. उस्तादांनी काही न बोलता इंजिन चालू करायला लावले. ते चालले, आणि तोफ शंभरेक पावले पुढे जाऊन परत आली. मग त्यांनी माझा हात धरून नळीच्या खालच्या अंगावर नेला. तिथे चिंचोक्याएवढा एक खळगा बोटाला लागला, ज्याच्यावर मी खडूसुद्धा लावला नव्हता. ‘तोफ इथे बंद आहे,’ ते म्हणाले. बाहेरून बसलेल्या अशा माराने नळीच्या आतल्या अंगाला उंचवटा येऊ शकतो, आणि त्याला अडून गोळा नळीतच फुटला तर तोफेतली माणसे जगत नाहीत. शेरा ‘निकामी’च राहिला, पण त्याचे कारण मी मोजलेली भोके हे नव्हते.

म्हणून पाहणी करणारा नुसती भोके मोजत बसत नाही. आसपास न फुटलेला दारूगोळा नाही याची खात्री करून तो जवळ जातो आणि वाहन स्वतः हलू शकते का, तोफ डागता येते का, संदेशयंत्रणा चालते का, हे पाहतो. धक्का झेलणाऱ्या नळकांड्यांतून तेल गळते का, त्यांच्या दांड्यावर ओरखडा आहे का, दुर्बिणीची काच फुटली आहे का, रेडिएटरला भोक आहे का, हे सगळे तपासावे लागते. तुकडा आरपार गेला नसला तरी आतल्या बाजूने पोलादाची ढलपी उडालेली असू शकते, आणि आत बसलेल्या माणसाला तीच लागते. सर्वांत मोठी भीती आत रचलेल्या दारूची; तिच्यापर्यंत तप्त तुकडा पोचून आग लागली तर मात्र बुरूज उडतो, आणि मग पाहणी करण्यासारखे काही उरत नाही. यातले काहीही लांबून काढलेल्या छायाचित्रात दिसत नाही. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धात इस्रायलच्या दुरुस्ती पथकांनी मार बसलेले कितीतरी रणगाडे त्याच युद्धात पुन्हा लढाईला उभे केले; एका बाजूच्या मोजदादीत जे संपले होते, ते दुसऱ्या बाजूने परत आले होते.

आपल्या जिल्ह्यातील वाचकांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यानंतर घरांचे पंचनामे झाले, आणि ‘अंशतः’ लिहिले की ‘पूर्णतः’ यावरून गावागावांत किती वाद झाले, हे आपणच छापले होते. कौले उडालेले घर पुन्हा शाकारता येते. कौले शाबूत असून पाया खचलेल्या घरात राहता येत नाही. तलाठ्याने रस्त्यावरून बघून शेरा लिहिला तर आम्ही ऐकून घेतले नसते. माझ्या वाडीतली तीन मुले आज सैन्यात आहेत आणि त्यांच्या घरी आपले दैनिक रोज वाचले जाते. ‘उद्ध्वस्त’ या शब्दाने त्या घरांत काय होते, ते मी पाहतो.

माझी विनंती एवढीच आहे. अशा छायाचित्राखाली वाहन कोणते आणि दिसते काय, तेवढेच लिहावे: ‘स्प्लिंटरच्या खुणा असलेली चिलखती तोफ’. बुरूज उडालेला असेल किंवा सांगाडा जळून गेलेला असेल, तरच ‘उद्ध्वस्त’ म्हणावे. एरवी ‘मार बसलेली’ हा शब्द पुरतो.

आपला,
एक निवृत्त हवालदार
ता. दापोली, जि. रत्नागिरी